वार्धक्य कीं औषधाचा परिणाम ?

आजचा विषय वैद्यकांतील असला तरी तो मांडणारा वैद्य नाहीं, हें प्रथमच सांगून टाकणें बरें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारें आयुष्य मुलांना गणित व भाषा शिकविण्यांत घालविलेला एक शाळामास्तर आहें. रोग्यास कोणतें औषध द्यावें आणि तें किती द्यावें हें सांगण्याचा मला अधिकार नाहीं, व तें मी सांगणारही नाहीं. परंतु औषध घरांत आल्यानंतर तें घेणाऱ्या वृद्ध माणसाकडे नीट लक्ष देणें, त्याच्यांत काय बदललें तें टिपून ठेवणें, आणि योग्य वेळीं डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारणें हें काम घरच्यांचें आहे. त्या कामापुरतें ज्ञान कोणाही सुशिक्षित गृहस्थास व गृहिणीस मिळवितां येण्याजोगें आहे. मज्जातंतूंच्या वेदनेवर जीं औषधें आज घरोघरीं दिलीं जातात, त्यांचा वृद्धांच्या मेंदूवर आणि चालण्यावर काय परिणाम होतो, एवढाच मर्यादित विषय मी आज घेणार आहें.

वेदना दोन जातींची असते. बोट दारांत चेंगरलें, दाढ किडली, गुडघा सुजला म्हणजे जी होते ती पहिली जात. तेथें इजा ही खरी बातमी असते आणि मज्जातंतु हा ती मेंदूकडे पोंचविणारा जासूद असतो. दुसऱ्या जातींत जासूदच बिघडलेला असतो व तो नसलेली बातमी पुनः पुनः आणून देतो. मधुमेहानें पायांचे मज्जातंतु झिजले, नागीण सुकून गेल्यावरही तिच्या जागींचा तंतु दुखावलेला राहिला, किंवा चेहऱ्याच्या तंतूंतून कळ उठूं लागली, म्हणजे ही दुसरी वेदना सुरू होते. ती जळजळते, टोंचते, मुंग्या आणते, विजेसारखा झटका देते. कित्येकांना तर पायांवर पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाहीं. नेहमींच्या वेदनाशामक गोळ्या येथें फारशा उपयोगी पडत नाहींत; म्हणून मूळ दुसऱ्याच रोगांसाठीं शोधलेलीं औषधें या कामीं वापरण्याची पद्धति पडली.

त्यांपैकीं आज फार प्रचारांत असलेलीं दोन औषधें म्हणजे गॅबापेंटिन व प्रेगाबालिन. गॅबापेंटिनला अमेरिकेंत १९९३ सालीं अपस्मारावरील पूरक औषध म्हणून मान्यता मिळाली, आणि नागिणीनंतरच्या वेदनेसाठीं २००२ सालीं. प्रेगाबालिन हें त्याचें धाकटें भावंड. तें अमेरिकेंतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांत रिचर्ड सिल्व्हरमन यांच्या प्रयोगशाळेंत निर्माण झालें आणि २००४ सालीं युरोप व अमेरिका या दोन्ही ठिकाणीं मान्यता पावलें. आपल्याकडे तें बहुधा मिथाइलकोबालामिन या नांवाच्या बी-१२ जीवनसत्त्वाबरोबर एकाच कॅप्सूलमध्यें घालून विकलें जातें. त्यामुळें पुष्कळ घरांतून त्याला ‘नसांची गोळी’ किंवा ‘ताकदीची गोळी’ म्हणण्याची चाल पडली आहे. हें नांव घातक आहे. जीवनसत्त्वाच्या सोबतीनें आलेलें हें दुसरें द्रव्य मेंदूवर काम करणारें औषध आहे, हें त्या नांवामुळें कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं.

तें काम कसें चालतें तें पाहूं. एका मज्जातंतूचा निरोप दुसऱ्या तंतूकडे जावयाचा तर पहिल्या तंतूच्या टोंकाशीं कॅल्शियम आंत शिरावें लागतें. त्याच्या येण्याजाण्यासाठीं सूक्ष्म दारें असतात. हीं दोन्ही औषधें त्या दारांच्या एका भागास चिकटून बसतात. कॅल्शियम कमी शिरतें, त्यामुळें निरोप नेणारीं रसायनें कमी बाहेर पडतात, आणि बिघडलेल्या जासूदाची आरडाओरड मंदावते. येथवर सर्व ठीक. परंतु अशीं दारें केवळ वेदनेच्याच वाटेवर असतीं तर प्रश्न नव्हता. तीं मेंदूच्या इतर भागांतही आहेत. तोल सांभाळणारा लहान मेंदू, जागृति राखणारीं केंद्रें, आठवण सांठविणारे भाग, या सर्वांतील निरोपांचा वेग त्याच औषधानें कमी होतो. वेदनेपुरतेंच काम कर आणि इतरत्र हात लावूं नकोस, असें औषधास सांगतां येत नाहीं.

म्हणून या औषधांचे जे उपद्रव सर्वांत अधिक आढळतात ते घेरी व गुंगी हे होत. त्यांच्या पाठोपाठ पावलांत झोंक जाणें, एकाच्या दोन वस्तु दिसणें किंवा दृष्टि धूसर होणें, बोलतांना जीभ जड होणें, शब्द न आठवणें, लक्ष न लागणें, हात थरथरणें, आणि कांहीं रोग्यांत हातापायांना एकाएकीं हिसका बसणें, हे येतात. क्वचित् मन भ्रमिष्ट होतें व नसलेल्या वस्तु दिसतात. याखेरीज पायांवर सूज येणें व वजन वाढणें हेही घडतें. तरुण माणसास घेरी आली तर तो खुर्ची धरून बसतो व दोन दिवसांत संवयीनें सुधारतो. ७५ वर्षांच्या बाईस रात्रीं न्हाणीघराच्या वाटेवर घेरी आली तर तिच्या खुब्याचें हाड मोडतें, आणि त्या एका पडण्यानें तिचें पुढचें सारें आयुष्य बदलून जातें.

वृद्धांनाच हा त्रास अधिक कां व्हावा ? याचें एक कारण असें कीं वृद्ध मेंदूची राखीव शक्ति मुळांतच थोडी उरलेली असते. परंतु दुसरें कारण याहून महत्त्वाचें आहे आणि तें गणिताचें आहे. बहुतेक औषधांचें यकृतांत रूपांतर होऊन तीं निकामी होतात. गॅबापेंटिन व प्रेगाबालिन यांचें तसें रूपांतर जवळजवळ होतच नाहीं. तीं जशीं पोटांत जातात तशींच मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंडांचें काम मंदावलें असेल तर औषध शरीरांत सांठत जातें, आणि कागदावर साधी दिसणारी मात्रा रक्तांत दुप्पट-तिप्पट मात्रेसारखी वागूं लागते.

आतां कोणी म्हणेल, ‘आमच्या आजींचें क्रिअॅटिनिन तपासलें आहे आणि तें अगदीं ठीक आहे.’ येथेंच फसगत होते. क्रिअॅटिनिन हें स्नायूंपासून निघणारें द्रव्य. ज्याच्या अंगावर स्नायूच उरले नाहींत त्याच्या रक्तांत तें थोडेंच असणार, मग मूत्रपिंडें कितीही थकलेलीं असोत. म्हणून वय आणि वजन हिशेबांत धरणारें एक सूत्र कॉकक्रॉफ्ट व गॉल्ट या दोघांनीं १९७६ सालीं दिलें व तें अद्याप वापरांत आहे. ज्यांच्या हाताशीं कागद-पेन्सिल असेल त्यांनीं तें उतरून घ्यावें. १४० मधून वय वजा करावें. उरलेल्या आंकड्यास किलोग्रॅममधील वजनानें गुणावें. नंतर ७२ ला क्रिअॅटिनिनच्या आंकड्यानें गुणून, त्या गुणाकारानें पहिल्या गुणाकारास भागावें. रोगी स्त्री असेल तर आलेल्या उत्तराचे शंभरांतील ८५ भाग घ्यावे. जें उत्तर येईल तितके मिलिलिटर रक्त मूत्रपिंडें एका मिनिटांत क्रिअॅटिनिनपासून शुद्ध करतात, असा त्याचा स्थूल अर्थ.

उदाहरण घेऊं. ४० वर्षांचा, ७० किलो वजनाचा पुरुष; क्रिअॅटिनिन १.१. उत्तर येतें सुमारें ८८. आतां ७८ वर्षांची, ४४ किलो वजनाची स्त्री. क्रिअॅटिनिन तेंच, १.१. उत्तर येतें सुमारें २९. तपासणीच्या कागदावर आंकडा एकच, आणि मूत्रपिंडांची शक्ति मात्र एकतृतीयांश ! प्रेगाबालिनच्या अधिकृत मात्रापत्रकांत, हें उत्तर ६० च्या वर असल्यास दिवसास १५० पासून ६०० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा सांगितली आहे. ३० ते ६० असल्यास ती निम्मी करावयाची. १५ ते ३० असल्यास दिवसास २५ पासून, फार तर १५० मिलिग्रॅमपर्यंत. अर्थात् त्या चाळिशीच्या गृहस्थास जी मात्रा सहज पचेल ती त्या बाईस भारी पडेल.

हें उदाहरण मी पुस्तकांतून घेतलेलें नाहीं. माझ्या थोरल्या बहिणीस, म्हणजे आमच्या आक्कास, २०२३ सालीं वयाच्या ७८ व्या वर्षीं छातीच्या उजव्या बाजूस नागीण उठली. फोड तीन आठवड्यांत सुकले, पण जळजळ राहिली. पदराचा स्पर्श सोसेना. प्रेगाबालिन सुरू झालें. प्रथम ७५ मिलिग्रॅम दोन वेळां, आणि पुरेसा गुण येईना म्हणून पुढें १५० मिलिग्रॅम दोन वेळां. वेदना उतरली हें खरें. परंतु महिन्याभरांत ती चालतांना भिंत धरूं लागली. हातांतील वाटी हिसका बसून उडूं लागली. साऱ्या घराला तिथि-वार सांगणारी ही बाई आज कोणता वार हें विसरूं लागली आणि सुनेस धाकट्या बहिणीच्या नांवानें हांक मारूं लागली. पायांवर सूज आली, म्हणून लघवी वाढविणारी गोळी सुरू झाली. विसर पडतो, म्हणून स्मृतिभ्रंशाच्या तपासणीची गोष्ट निघाली. नातेवाईक येत, पाहत, आणि जातांना दाराशीं हळूच म्हणत, ‘आतां वय झालें.’

तिच्या सुनेनें मात्र एक लहानशी गोष्ट केली होती. दुधाचा खाडा जेथें मांडावयाचा त्याच दिनदर्शिकेवर ती सासूबाईंच्या गोळ्यांचे बदल लिहून ठेवी. कोणत्या तारखेस मात्रा वाढली, कोणत्या तारखेस प्रथम तोल गेला, सूज केव्हां दिसली, हें सर्व एका पानावर होतें. तें पान एका अनुभवी डॉक्टरांच्या पुढें गेलें तेव्हां त्यांनीं प्रथम वजन केलें आणि मग मघांचें गणित मांडलें. उत्तर २९, कमाल मात्रा १५०, पोटांत जात होती ३००. मात्रा क्रमाक्रमानें उतरवीत दिवसास एकदां ७५ वर आणली. तीन आठवड्यांत हिसके थांबले, भिंत सुटली, वार आठवूं लागले. सूज ओसरली आणि लघवीची गोळीही बंद झाली.

जळजळ थोडी परत आली, हें लपवून ठेवण्यासारखें नाहीं. मात्रा पुनः किंचित् वाढवून पाहावी काय, असें डॉक्टरांनीं विचारलें. त्या संध्याकाळीं आक्का मला म्हणाली, “अरे, जळजळ माझ्या ओळखीची झाली आहे. तिच्याशीं मी भांडेन. पण आज वार कोणता हें मला ठाऊक नसावें, तें मला सोसवत नाहीं.” दुसरा कोणी याच्या उलट निवड करील. वेदनेनें रात्र-रात्र जागणाऱ्या माणसास थोडी गुंगी पत्करली, असेंही वाटूं शकतें, आणि त्यांतही वावगें कांहीं नाहीं. मुद्दा इतकाच कीं ही निवड त्या माणसाची आहे. आणि औषधानें मन झाकोळलेलें असतां, व घरच्यांनीं त्याला म्हातारपण असें नांव दिलें असतां, ती निवड त्याला करतांच येत नाहीं.

एका औषधाचा उपद्रव हा नवा रोग समजून त्यावर दुसरें औषध देणें, आणि दुसऱ्याच्या उपद्रवावर तिसरें, या साखळीकडे रोशन व गर्विट्झ या वैद्यांनीं १९९७ सालीं एका लेखांत वैद्यकीय जगाचें लक्ष वेधलें होतें. सुजेसाठीं लघवीची गोळी, तिच्यामुळें रात्रीं उठणें, उठतांना तोल जाणें, अशी ती साखळी चालते. म्हणून नवें लक्षण दिसलें कीं ‘याला कोणतें औषध ?’ या प्रश्नाच्या आधीं ‘हें कोणत्या औषधानें ?’ असा प्रश्न विचारण्याची संवय लावावी.

सोबतच्या औषधांकडेही पाहिलें पाहिजे. झोंपेच्या गोळ्या, ट्रामाडॉलसारखीं अफूच्या वर्गांतील वेदनाशामकें, सर्दीवरील गुंगी आणणाऱ्या गोळ्या आणि मद्य, हीं या औषधांबरोबर घेतलीं म्हणजे गुंगीची बेरीज होत जाते. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें डिसेंबर २०१९ मध्यें इशारा दिला कीं वृद्ध, दमेकरी किंवा फुप्फुसाचे जुने रोगी, आणि अफूवर्गीय औषधें घेणारे, यांच्या बाबतींत या औषधांनीं श्वसन धोकादायक रीतीनें मंदावूं शकतें. वृद्धांना जपून द्यावयाच्या औषधांची जी यादी डॉ. मार्क बियर्स यांनीं १९९१ सालीं प्रथम तयार करविली, तिच्या २०१९ च्या आवृत्तींतही अफूवर्गीय औषध व हीं औषधें एकत्र देणें टाळावें असें सांगितलें आहे.

मग जुनीं औषधें अधिक निर्धोक आहेत काय ? तसेंही नाहीं. अॅमिट्रिप्टिलिननें तोंड कोरडें पडतें, मलावरोध होतो, लघवी अडते, उभें राहतांच रक्तदाब उतरतो, आणि वृद्धांत बुद्धीवर मळभ येतें. चेहऱ्याच्या तीव्र कळेवर गुणकारी असलेल्या कार्बामाझेपिननें कांहीं वृद्धांच्या रक्तांतील सोडियम घटतें व त्यानें भ्रम आणि तोल जाणें हीं लक्षणें उद्भवतात. निर्धोक असें औषध नाहीं. सावधपणें दिलेलें आणि बेफिकीरपणें दिलेलें, एवढाच भेद आहे.

औषधाचा लाभ किती, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. नागिणीनंतरच्या वेदनेवरील गॅबापेंटिनच्या अनेक प्रयोगांची कॉक्रेन या संस्थेनें २०१७ सालीं एकत्र छाननी केली. औषध घेणाऱ्या शंभरांपैकीं सुमारें ३२ जणांची वेदना निम्मी किंवा त्याहून कमी झाली. नुसती पोकळ गोळी घेणाऱ्या शंभरांपैकीं सुमारें १७ जणांची. म्हणजे लाभ खरा आहे, पण तो सर्वांना होत नाहीं. त्याच वर्षीं ऑस्ट्रेलियांत २०९ रोग्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कंबरेपासून पायांत उतरणाऱ्या कळेवर प्रेगाबालिन पोकळ गोळीहून सरस ठरलें नाहीं, आणि घेरी मात्र अधिक जणांना आली. तेव्हां पुरेसे दिवस योग्य मात्रा घेऊनही ज्याला गुण आला नाहीं, त्यानें तें जन्मभर घेत राहावें याला आधार नाहीं.

परंतु श्रोतेहो, एक गोष्ट बजावून सांगतों. हें भाषण ऐकून उद्यां सकाळीं कोणीही डबींतील गोळ्या फेंकून देऊं नयेत. हें औषध एकाएकीं बंद केल्यास झोंप उडते, मळमळतें, घाम सुटतो, जीव घाबरा होतो, आणि ज्यास अपस्मार आहे त्यास झटके येण्याचें भय असतें. निदान आठवडाभर, आणि मात्रा मोठी किंवा दीर्घकाळची असल्यास त्याहून अधिक दिवस, ती पायरी-पायरीनें उतरवावी लागते. आणि तें डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच व्हावें.

घरच्यांनीं करावयाच्या गोष्टी थोड्या व साध्या आहेत. औषध सुरू होण्यापूर्वीं रोग्याचें वजन आणि क्रिअॅटिनिनचा आंकडा डॉक्टरांपुढें ठेवावा व मात्रा त्यावरून ठरविली आहे काय हें नम्रपणें विचारावें. सर्व गोळ्या, झोंपेच्या व सर्दीच्या सुद्धां, एका पिशवींत घालून दाखवायला न्याव्या. आरंभीं आणि प्रत्येक वाढीनंतर दोन आठवडे चालणें, बोलणें, स्मरण, हातांची थरथर व पायांची सूज यांवर लक्ष ठेवून तारखेसह लिहावें. रात्रीं न्हाणीघराच्या वाटेवर दिवा ठेवावा व सटकणारें पायपुसणें उचलावें. जुलाब, उलट्या किंवा ताप यांनीं वृद्ध माणसाच्या शरीरांतील पाणी कमी झालें तर मूत्रपिंडें एकाएकीं मंदावतात; अशा वेळीं मात्रेविषयीं त्याच दिवशीं विचारावें. जुन्या चिठ्ठीवर दुकानांतून महिनोन्‌महिने गोळ्या आणूं नयेत. आणि वेदनेचें मूळ तपासलें आहे काय, हेंही विचारावें. मधुमेहावरील मेटफॉर्मिन पुष्कळ वर्षें घेतल्यानें, किंवा दूधदुभत्यावांचूनच्या केवळ शाकाहारानें, बी-१२ घटूं शकतें, व त्या उणिवेनेंही पाय जळजळतात. तें मूळ सांपडलें तर त्यावर थेट उपाय आहे.

आपल्या भाषेंत ‘साठी बुद्धि नाठी’ अशी म्हण आहे. म्हण म्हणून ती असूं द्यावी. निदान म्हणून ती वापरूं नये. वार्धक्यानें येणारें मांद्य वर्षांच्या गतीनें येतें. जें आठवड्यांच्या गतीनें आलें त्याचें कारण बहुधा दुसरें असतें, आणि तें पुष्कळदां उशाशींच्या डबींत सांपडतें. घरांतील वडील माणूस अडखळूं लागलें, विसरूं लागलें, तर ‘वय झालें’ असें म्हणण्यापूर्वीं एकदां ती डबी उघडून पाहावी, तारखा ताडून पाहाव्या, आणि तें पान घेऊन डॉक्टरांकडे जावें.